ओढ्याचा आवाज

ओढा कुठून वाहावा हे माणसाच्या हातात नसतं, असं सर्वसाधारण मत आहे. मी ते खोडून काढायला निघालो होतो. धाराशिवच्या आमच्या घरापुढे, फाटक आणि ओसरी यांच्या मधल्या बागेत, नैसर्गिक दिसेल असा ओढा बांधायचा निर्णय मी पूर्ण शुद्धीत, सकाळच्या चहानंतर आणि बायकोसमक्ष घेतला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कॉलनीत या बाबतीत बरंच वेगळं बोललं गेलं.

कारण होतं माझी आई, द्वारकाबाई. वाशी तालुक्यातल्या आमच्या गावी ती एकटी राहायची. उन्हाळ्यात अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, म्हणून मी तिला इथे घेऊन आलो. हाड सांधलं, काठी धरून ती चालूही लागली. आणि चालू लागली त्याच दिवशी तिनं जुन्या लुगड्यात आपलं सामान बांधलं आणि ते बोचकं खोलीच्या दाराशी ठेवलं. गावी परत जायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजी पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत, आणि एकटं तर मुळीच ठेवू नका. पण थांबायला तिला काही कारण हवं होतं. मुलगा आणि सून एवढं कारण तिला पुरत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

"इथं काय कमी आहे तुला?" मी विचारलं.

"कमी काय न्हाय रं आन्ना. समदं हाय," ती म्हणाली. "पर वढ्याचा आवाज न्हाय. घर कसं मुकं वाटतंय."

आमचं गावचं घर ओढ्याच्या काठावर आहे. एवढं ऐकल्यावर दुसरा कुणी मुलगा हळहळला असता आणि गप्प बसला असता. पण मी पाण्याच्या खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाणी इथून तिथे कसं न्यायचं, हाच माझा जन्मभराचा अभ्यास. मी आखलेल्या कालव्याच्या चाऱ्या आजही जागच्या जागी आहेत. त्यांत पाणी आलं की नाही, हा माझ्या कामाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न होता. इथे मात्र कक्षा माझीच, जागा माझी, बोअर माझं. मी आराखडा काढायला बसलो.

आराखडा कागदावर होता तोवर सुरेख होता. तो शिवप्पांनी पाहिला आणि कामाला वळण लागलं. शिवप्पा आमचे शेजारी, मूळचे नळदुर्गचे, बसस्थानकावर कंट्रोलर होते. जन्मभर गाड्या सोडायची सवय, त्यामुळे सल्ला सोडायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "अण्णासाहेब, तुमचं पाणी नैऋत्येला चाललंय. घरात टिकंल का काही? पाणी कसं, ईशान्येला जायला पाहिजे. गप सुम्मनं ऐका माझं."

माझा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही. पण आईच्या बाबतीत धोका कशाला पत्करा, म्हणून मी ओढ्याची दिशा फिरवली. ईशान्येला शिवप्पांचंच घर आहे, ही गोष्ट तेव्हा त्यांच्याही लक्षात आली नाही.

गवंडी म्हणून मल्लेश आला. मल्लेशचा हात इतका साफ, की त्याच्या भिंतीवर शिंतोडा सापडायचा नाही. अडचण नेमकी तिथेच होती. मी त्याला सांगितलं, दगड असे टाकायचे, की कुणी टाकले असं वाटता कामा नये. त्यानं हातातली थापी खाली ठेवली.

"म्हंजी वाकडं बांधायचं?"

"वाकडं नाही. नैसर्गिक."

"साहेब, म्या आजवर वाकडं बांधलं न्हाय. उद्या लोकं बघत्याल आन् म्हणत्याल, मल्लेशनं बांधलंय हे."

तरी त्यानं प्रयत्न केला. मी समोर उभा असेपर्यंत दगड वेडेवाकडे पडायचे. मी चहाला आत गेलो, की तो ओळंबा आणि दोरी काढायचा. बाहेर येऊन पाहावं तर ओढ्याचे दोन्ही काठ एका रेषेत आलेले. मग मी दगड हलवायचे, त्यानं सरळ करायचे, असं चाललं. एक मोठा काळा दगड तर त्यानं इतका पक्का बसवला, वर पाटासारखा सपाट आणि चारही बाजूंनी गुण्यात, म्हणजे काटकोनात, की तो काही केल्या हलेना. शिवप्पांनी कुंपणावरून सुचवलं, की फटाक्यांच्या तेरखेड्याहून दोन दणकट सुतळी बॉम्ब मागवा. मी तो दगड होता तिथेच ठेवला.

अखेर एका संध्याकाळी माझी पत्नी राजेश्वरी बाहेर आली. तिनं सगळं नीट पाहिलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे तिचं मत मी जरा भीत भीतच विचारतो.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "झाकण कधी बसवणार?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ओढ्याच्या जागी तिला गटार दिसत होतं. तिचा दोष नव्हता, दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानंही, गटाराचं काम बरं निघालं तुमच्या गल्लीत, असं म्हणून माझं अभिनंदन केलं. मी मल्लेशला हात जोडले, त्याचा हिशेब चुकता केला आणि उरलेलं काम स्वतः करायला घेतलं. मी वाकडं बांधू शकतो, एवढा माझा स्वतःवर विश्वास होता.

शेततळ्याला वापरतात तो जाड प्लास्टिकचा कागद तळाशी अंथरला. त्यावर वाळू. वाळूची ट्रॉली फाटकाशी लागली, तेव्हा वाळू कुठली, पास कुठे, पावती कुठे, हे विचारायला इतकी माणसं आली की तेवढी माझ्या निवृत्तीच्या समारंभाला आली नव्हती. पावती दाखवली, तेव्हा निराश होऊन ती परत गेली. वरच्या टोकाला एक उंचवटा केला, खालच्या टोकाला खड्डा, खड्ड्यात पाणबुडी मोटर. मोटरीनं पाणी वर चढवायचं, ते वळणं घेत खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं. तेच पाणी फिरत राहणार, म्हणजे नासाडी नाही. यंदा पाऊस नावालाच झाला होता आणि कॉलनीत टँकर येत होता, त्यामुळे हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगत होतो.

मोटर सुरू केली. पाणी उंचवट्यावरून उतरलं, पहिलं वळण त्यानं घेतलं, दुसरं वळण त्याला आवडलं नसावं. ते सरळ ईशान्येला निघालं, कुंपणाखालून गेलं आणि शिवप्पांच्या पायरीला लागलं. शिवप्पा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पाय वर घेतले आणि पेपर वाचत राहिले. नंतर मात्र तीन-चार दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

काठ उंचावून मी तेही सुधारलं. एके दिवशी सकाळी पाणी सगळी वळणं घेऊन खड्ड्यात पोहोचलं. खळखळ असा आवाज आला. मी आईला हाक मारली. ती काठी टेकत ओसरीवर आली, पाहिलं, "बरं हाय" म्हणाली आणि खुर्ची फिरवून ओढ्याकडे पाठ करून बसली.

नैसर्गिकपणात काही उणं राहिलं असणार, असा मी निष्कर्ष काढला. मग लव्हाळं लावलं. शंख-शिंपले टाकले, ते राजेश्वरीनं काढायला लावले, कारण आपल्याकडच्या ओढ्यात समुद्रातले शिंपले कुठून येणार. बेडूक आपापले आले. आवाज कमी पडत असेल म्हणून मधे एक पायरी करून छोटी धार पाडली. आई रोज ओसरीवर बसायची आणि रोज तिची पाठच दिसायची. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दुपारी लाईट गेली, की मोटर बंद पडायची, पाणी ओसरायचं आणि वाळू उघडी पडायची. तेवढ्यात आई मान वळवून ओढ्याकडे बघायची. बराच वेळ बघत राहायची. आवाज थांबल्याचं तिला वाईट वाटतं, हे समजायला मला उशीर लागला नाही. मी मोटरीला इन्व्हर्टर जोडला. आता ओढा एक क्षणही थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बोचकं खोलीच्या दारातून ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं.

घटस्थापना जवळ आली. आपल्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातल्या सगळ्या वाकळा, चादरी, सतरंज्या धुऊन काढायच्या. पूर्वी बाया ओढ्यावर जायच्या. आता नळाला पाणी नाही आणि टँकरच्या पाण्यात वाकळ बुडत नाही. मी बाजारात गेलो असताना शिवप्पांच्या पत्नी शांतम्मा राजेश्वरीकडे आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या वढ्यावर दसरा काढावा का?" त्यांनी त्याला ओढा म्हटलं, यातच राजेश्वरी विरघळली असावी.

मी परत आलो तेव्हा फाटकापाशी चपलांचा ढीग होता. कुंपणावर, गाडीवर, पेरूच्या झाडावर वाकळा. ओढ्यात सात-आठ बाया पदर खोचून उभ्या. फेस पहिल्या वळणापासून खड्ड्यापर्यंत भरून तरंगत होता. लव्हाळं तुडवलं गेलं होतं. आणि मधोमध, मल्लेशच्या त्या न हलणाऱ्या सपाट दगडावर, माझी आई बसली होती. काठी बाजूला टाकलेली, पाय फेसात, हातात धोपटणं. शांतम्मांना ती काहीतरी सांगत होती आणि हसत होती. ती हसते आहे हे मी पाहिलं, पण माझं लक्ष फेसाकडे होतं. तेवढ्यात मोटर घरघरली आणि थांबली. तिच्यात वाकळांचे दोरे गेले होते.

मी आवाज चढवला. नेमकं काय म्हणालो ते आठवत नाही, पण 'शोभेची वस्तू' आणि 'सार्वजनिक धोबीघाट' हे शब्द त्यात होते असं राजेश्वरी म्हणते. ओल्या वाकळा खांद्यावर टाकून एकेक बाई फाटकातून निघून गेली. शांतम्मा सगळ्यांत शेवटी गेल्या, आईला हात देऊन उठवून, ओसरीवर बसवून. मोटर उघडून दोरे काढता काढता मला संध्याकाळ झाली.

आई म्हणाली, "घट बसायच्या आत मला गावाकडं सोड."

"आई, डॉक्टर..."

"सोड म्हणलं न्हवं? बस कुठून सुटती ते मला ठावं हाय."

बोचकं फाटकाच्या आत, भिंतीला टेकून ठेवलेलं मला दिसलं. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी नाही नेलं, तर ती काठी घेऊन एकटीच निघाली असती. तिला थांबवायला म्हणून जे केलं, त्यानंच ती निघाली होती, आणि का, तेही मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका कार्यालयातून कुलदीप नावाचा तरुण अभियंता आला. कार्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. टंचाईच्या दिवसांत कॉलनीत पाणी वाहतंय, रस्त्यावर फेस आलाय, अशी तक्रार होती. तक्रार कुणाची हे विचारायचं नसतं. शिवप्पा मात्र पहाटेपासून त्यांच्या गच्चीवर उभे होते.

"काका, हा ओढा नैसर्गिक का कृत्रिम?" कुलदीपनं कागद काढत विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

तो काठाकाठानं चालला. वाकला. लव्हाळं हातात धरून पाहिलं. एक बेडूक त्याच्या बुटावरून उडी मारून पाण्यात गेला.

"नैसर्गिकच वाटतोय की," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत एकाही माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली आणि राजेश्वरीला चहा टाकायला सांगितला.

"पण मग घर कसं बांधलंत इथं?" तो लिहिता लिहिता म्हणाला. "ओढ्यापासून अंतर सोडावं लागतं. तुमचं सगळं घर अंतराच्या आत येतंय. अतिक्रमण दाखवावं लागंल."

"कृत्रिम आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"मी स्वतः बांधलाय. खड्ड्यात मोटर आहे."

"मग पाण्याचा अपव्यय होतो. टंचाईत पाणी शोभेला वापरलं. त्याची नोटीस वेगळी."

तिसरं काही लिहिता येतं का, असं मी विचारलं. माझ्या नोकरीत मी अनेकांना दोनच रकाने दाखवले होते. दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर ते किती अरुंद असतात ते पहिल्यांदा समजलं. कुलदीपनं सहानुभूतीनं मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.

"ते बंद कर," ओसरीवरून आई म्हणाली.

"आई, जरा थांब. साहेब आलेत."

"म्हणूनच म्हंते. राजेश्वरी, बटन दाब."

राजेश्वरीनं बटण दाबलं. खळखळ थांबली. पाणी वळणांवरून ओसरत गेलं, धार तुटली, आणि थोड्या वेळात समोर ओली वाळू आणि दगड एवढंच राहिलं. इतकं शांत झालं की शिवप्पांचं गच्चीवरचं खाकरणंही ऐकू आलं.

"आता लिही बाबा, काय दिसतंय ते," आई कुलदीपला म्हणाली.

त्यानं बराच विचार केला आणि लिहिलं, 'जागेवर दगड व वाळू आढळून आली. ओढा आढळून आला नाही.' खाली माझी सही घेतली. माझ्या हयातीत मी पाणी खेळवून दाखवलेलं एकमेव काम आढळून आलेलं नाही, असं मी स्वतः लिहून दिलं. कुलदीप चहा संपवून, आजींना नमस्कार करून निघून गेला.

मी पायरीवर बसून राहिलो. आई मात्र उठली. काठी टेकत, हळूहळू ती ओढ्यात उतरली. मी इतक्यांदा बोलावूनही जी उतरली नव्हती, ती कुणी न बोलावता वाळूत बसली. हातानं वाळू उकरायला लागली.

"काय करतेस?"

"झिरा काढतीया. राजेश्वरी, माझ्या बोचक्यात पितळंची वाटी हाय बग, ती आण."

ओढा आटला की वाळूत हात-दीड हात खड्डा खणतात. खाली मुरलेलं पाणी त्यात हळूहळू पाझरतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. गावात याला झिरा म्हणतात. मी लहानपणी पाहिलेला, पुढे विसरलेला. राजेश्वरीनं बोचकं सोडलं. वाटी तळाशी होती, त्यामुळे सगळंच बाहेर काढावं लागलं. आईनं पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून लव्हाळ्याच्या मुळाशी टाकलं आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली.

"आई, तूच म्हणालीस ना, ओढ्याचा आवाज नाही म्हणून," मी म्हणालो. "मग आवाज केला तर तू पाठ करून का बसलीस?"

"म्या वढ्याचा म्हणलं. तू पाण्याचा केलास." ती खड्ड्याकडेच बघत होती. "आपल्या वढ्याला पाणी कवा व्हतं रं? पाऊस झाला की चार दिस वाहायचं, मग वरीसभर वाळू. झिऱ्यावर घागरी लावून बाया बसायच्या. पाणी लवकर येत न्हाय. मग बोलायच्या. कुणाची सून, कुणाची म्हस, कुणाचं दुखणं. घरात बसून समदं ऐकू यायचं मला. त्यो आवाज." खड्ड्याच्या कडेची वाळू सारखी करत ती म्हणाली, "काल आला व्हता. तू हाकलून दिलास."

मला लाज वाटली. मी उठलो, चपला घातल्या आणि शिवप्पांच्या फाटकाशी गेलो. शांतम्मा दाराशी तांदूळ निवडत होत्या. माफी कशी मागायची याचा मसुदा मी चालता चालता केला होता, त्यात 'गैरसमज' आणि 'खेद' हे शब्द होते. प्रत्यक्षात तोंडून एवढंच निघालं, "आईनं झिरा काढलाय. घागर घेऊन या म्हणते."

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि त्या कळशी आणायला आत गेल्या. शिवप्पांनी गच्चीवरून विचारलं, की झिऱ्याचं तोंड ईशान्येला आहे ना.

संध्याकाळी तीन बाया होत्या, दुसऱ्या दिवशी पाच. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आता मी वरच्या उंचवट्यावर नेऊन ओततो. ते वाळूतून गाळत, मुरत, सावकाश खाली झिऱ्यात येतं. कळशीभर व्हायला तासन्‌तास लागतात, आणि ते पाणी झाडांखेरीज कशाच्या उपयोगाचं नाही. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तंबाखूची मिसरी, जावयाचा स्वभाव, गुडघ्याचं तेल, सगळ्यावर बोलणं होतं आणि माझ्या खोलीत ऐकू येतं. माझ्यावरही होतं. मी खिडकी लावत नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी, आईनं बजावल्याप्रमाणे मी गाडी पुसून फाटकाशी लावली. मनात धाकधूक होती. बोचकं कुठे दिसत नव्हतं. त्याचं लुगडं दोरीवर वाळत होतं, पण आईनं एकदा सांगितलेलं ती सहसा बदलत नाही. ती झिऱ्याशी बसली होती, हातात वाटी, शेजारी शांतम्मा.

"आई, गावाकडं निघायचं ना?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. "थांब की जरा," ती म्हणाली. "पाणी येऊ दे."

मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि ओढ्यात उतरलो. मल्लेशनं ओळंब्यात बसवलेला तो सपाट दगड मोकळा होता. त्यावर बसलो.